कमरेचा करदोडा

केबल टीव्ही नुकता आलेला, तेव्हा केडगावात आमच्या शेजारी केमिस्ट्रीचे एक सर राहायचे. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे. बघूनच मला दम लागायचा. उपग्रहाच्या इंजिनांना जहरी इंधन कशाला, पेरॉक्साइड वापरा, हा त्यांचा ध्यास. मग स्वतःच हळहळायचे, "पण ते आपसूक पेटत नाही हो! चांदीवर पडलं तरच तापतं!"

एकदा त्यांनी कमरेचा चांदीचा करदोडा पकडीनं तोडला आणि पेरॉक्साइडमध्ये टाकला. नुसता फेस आला. त्यांची आई ओरडली, "आरं, जित्या मानसाचा करदोडा तोडत्यात व्हय? त्यो मेल्यावर तोडायचा!"

सरांनी ऐकलंच नाही. "चांदी कमी पडली," ते फेसाकडे बघत पुटपुटले.

उंबऱ्यात बसलेल्या सरांच्या बायकोनं चांदीची जोडवी घातलेले पाय हळूच साडीखाली ओढून घेतले.