पिवळी जाळी

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात लोखंडी सामान अ‍ॅसिडच्या टाक्यांत बुडवून साफ करतात. देखभालीचं काम माझ्याकडं. टाक्यांच्या मधून चालायला लोखंडी जाळी होती आणि तिच्याखाली सांडलेलं अ‍ॅसिड वाहून नेणारा चर. वाफेनं जाळी आतून खाल्ली होती. एके दिवशी टाकीवर काम करणाऱ्या मामांचा पाय तिच्यातून आरपार गेला आणि नडगी भाजली.

मामा आटपाडीकडचे, मेंढरं सोडून नोकरीला आलेले. बरे होऊन आले, पण जाळीच्या कडेलाच उभे राहायचे. "न्हाई जमायचं सायेब. गावाकडं जातो," म्हणाले. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

मग फायबरची जाळी घ्यायचं ठरलं आणि ती बसेपर्यंत मामांना मी थांबवून घेतलं. शिरवळहून आलेल्या विक्रेत्यानं पहिलाच प्रश्न केला, "रंग कुठला देऊ?" माझं डोकं सणकलं. म्हटलं, "रंगाचं नंतर. अ‍ॅसिडला कुठलं रेझिन टिकतं ते आधी बोला." रेझिन म्हणजे फायबरचे तंतू धरून ठेवणारं प्लॅस्टिक. विक्रेत्याकडं दोन प्रकारच्या रेझिनचे तुकडे होते. दोन्ही तारेला बांधून मी टाकीत लोंबकळत सोडले. स्वस्तातला काही दिवसांत पांढरट पडला, त्याचे तंतू उघडे पडले. दुसरा, व्हिनाइल एस्टरचा, होता तसाच राहिला. जाळी एकसंध ओतलेली मागवली, कारण पाइपांसाठी कुठंही कापली तरी ती दोन्ही दिशांनी वजन पेलते. लांब पट्ट्यांच्या जाळीचं तसं नसतं. जमीन कायम ओली म्हणून वरचा भाग खरखरीत घेतला. आधाराचे अँगलही जवळजवळ टाकायला लावले.

रंग तेवढा मामांवर सोडला. "पिवळा घ्या," एवढंच म्हणाले.

जाळी बसली त्या सकाळी मामा बिरोबाचा भंडारा घेऊन आले. जाळीवर मूठभर उधळला, हात जोडले आणि गमबूट काढून अनवाणीच चढायला लागले.

मी ओरडलो, "आवं मामा, खाली अ‍ॅसिड हाय! बूट घाला आधी!"

"भंडारा पडलाय तिथं. बुटानं कसा जाऊ?"

एवढी पारख करून आणलेली जाळी, आणि माणूस तिच्यावर उघड्या पायांनी! चिडून वाकलो आणि जाळीवरून हात फिरवला. हाताला जेमतेम पिवळं लागलं. बाकी सगळं भोकांतून खाली चरात गेलं होतं.

"बघा की. वर कुठं हाय भंडारा? खाली गेला सगळा."

मामाही वाकले. भोकांतून खाली बघू लागले.

"म्हंजी देव खाली उतरला म्हणायचा."

"व्हय."

"मंग पडलो तर झेलंल," म्हणत मामांनी गमबूट चढवले आणि भाजलेला पाय आधी टाकला.