वहिनींचा डावा हात

पालघरच्या दवाखान्यातून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. माझ्या थोरल्या जाऊबाई, सुमनवहिनी, गेल्या. आठवडाभर ताप होता, छातीत कफ भरला होता, तरी त्या घरी येतील असंच आम्ही धरून चाललो होतो... दुपारी त्यांना बोईसरला घरी आणलं. आंघोळ घालताना मी सवयीने कोपरापाशी हात हलका केला. तिथे काहीच नव्हतं. कोपर, गुडघे, केसांच्या कडेची कातडी, सगळं लहान मुलासारखं नितळ. इतकी वर्षं पाहिलेले चट्टे तापात गेले की दवाखान्यातल्या औषधांनी, कुणास ठाऊक. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी, समुद्रकाठच्या मुरब्याची जानकीबाय पाणी ओतत होती. तिचा तांब्या मध्येच थांबला. "ही आमची बाय नाय," ती हळूच म्हणाली. मलाही तेच वाटलं होतं.

सत्तरच्या दशकात दोघा भावांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दोघी जावा साताऱ्याकडून इकडे आलो. थोड्याच काळात वहिनींच्या अंगावर लाल चट्टे उठले, त्यांवर चंदेरी पापुद्रे. रोज सकाळी त्यांच्या अंथरुणाखाली पांढरा भुसा निघायचा. मी तो झाडायचे, त्या बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "शैला, हे माझंच अंग ना गं? मग रोज केरात जातंय ते कोण?"

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा सोरायसिस. स्पर्शाने पसरत नाही, मुळापासून जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो. चट्टे थोडे होते म्हणून गोळ्या दिल्या नाहीत, दोन मलमं दिली. "बाई, एका कोपराला हे लावा, दुसऱ्याला ते. तुमचं तुम्हालाच कळेल." उजव्याला डांबराचं काळं मलम, डाव्याला स्टिरॉइडची ट्यूब. डावा कोपर बघता बघता साफ झाला. आम्ही सगळे खूश. वहिनी मात्र तो हात पदराखाली घेऊन बसू लागल्या. "हा माझा वाटत नाही," त्या म्हणाल्या. "झोपेत अंगावर पडला की दचकून उठते मी."

ट्यूब फार दिवस लावायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती थांबवली आणि तिथेच चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन आला. खालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, जरा धक्का लागला की निळी पडायची. उजव्या हाताचं सगळं संथ. साड्यांना डाग, घरभर वास, पण लाली उतरली ती बरेच दिवस उतरलेलीच राहिली. जानकीबाय म्हणायची, "खाऱ्या पान्यात बस, उन्हात बस, आमी रोज बसतो." मुरब्याला जाऊन तेही केलं. पाणी झोंबलं, ऊन मानवलं. शेवटी डांबर, खोबरेल आणि सकाळचं कोवळं ऊन, एवढंच त्यांनी ठेवलं. गावाकडच्या एका पुतणीच्या लग्नाआधी भाऊजी, वहिनींचे यजमान, म्हणाले, "चार दिवस ट्यूब लाव की. लोक बघतात." वहिनी भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चार दिवसांसाठी दुसरीच बाई आणू का घरात?" लग्नात त्या तशाच वावरल्या. बायकांनी त्यांना हळदीकुंकू लांबूनच लावलं.

तारापूरकडून वारा सुटला की आमच्या गल्लीला रसायनांचा वास येतो. त्यातून हल्ली मला डांबराच्या मलमाचा वास वेगळा ओळखू येतो. डबी मी स्वतः टाकून दिली आहे...

महिन्याचं झाल्यावर साड्या वाटायला त्यांचं कपाट उघडलं. सगळ्या फिकट. लिंबू, मोतिया, दुधी. गडद कापडावर कोंडा दिसतो म्हणून त्या संक्रांतीलासुद्धा काळं नेसत नसत. आणि सगळ्यांत खाली एक काळी चंद्रकळा निघाली, मी कधीच न पाहिलेली. घडी उलगडली. निऱ्यांच्या चुण्या पडलेल्या होत्या. खांद्यावर, पदरावर बारीक पांढरे पापुद्रे होते, आताच कुणी उठून गेल्यासारखे. कधीतरी, घरात कुणी नसताना, दार लावून त्या ती नेसल्या असणार.

झटकायला हात उचलला होता. पण तशीच घडी घातली आणि साडी परत आत ठेवली.