धुतलेलं पान

"पान धुतलं कुणी?"

"म्याच," सरूबाई म्हणाल्या. "सायबाला दाखवायचं, मग धुळीचं कसं आणावं?"

"किडीचा फोटो काढायचा, अन् कीडच धुऊन आणली व्हय?" मी म्हणाले.

त्या ओशाळल्या. त्यांची चूक तरी काय? भूमला आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटोला यायचं तर तोंड धुऊन, पावडर लावून, ही इकडची रीत. त्यांनी ती पानाला लावली.

मोबाईल आले, स्टुडिओ बंद पडला. आमचे घरधनीही वारले. मी चौथी शिकलेली, पण कॅमेरा चालवता येतो. आता शेतकऱ्यांच्या कंपनीसाठी पिकांवरच्या किडींचे फोटो काढते. ते बघून कंपनीचे साहेब औषध सांगतात.

सरूबाईंच्या दारात मोसंबीचं एकच झाड. मुलगा अशोकनं कलम आणून लावलेलं. अशोक नळदुर्गजवळ हायवेवर ट्रकखाली गेला. आता झाड पिवळं पडत होतं.

"अक्का, काय बी करा. एवढं झाड वाचवा."

दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत त्यांच्या घरी गेले. मॅक्रो लेन्स म्हणजे तिळाएवढं असेल ते बोराएवढं दाखवणारी काच. पण जवळ गेलं की फोकस केसाएवढा उरतो. किड्याचा डोळा साफ आला तर पाय पुसट. जरा हललं की सगळंच वाया.

पहिले फोटो पाठवले. साहेबांचा फोन आला. "मावशी, हललेत. पान पण चमकतंय. परत काढा."

"पूर्ण झाडाचा एक पाठवू का?"

"झाड नको. कीड दाखवा, कीड."

फांदी काठीला बांधली. ऊन थेट पडू नये म्हणून सरूबाईंना पांढरं धोतर धरून उभं केलं. कोपर गुडघ्यावर टेकवलं. कॅमेरा पानाला समांतर धरला. श्वास रोखला.

"श्वास घ्या वो अक्का, न्हायतर तुमच्याच फोटोला हार घालावा लागंल."

हसू आलं, फोटो हलला. पुन्हा काढला. हा साफ आला. कोवळ्या पानावर बारीक पिवळी पिल्लं, अन् त्यांच्या अंगातून निघालेले शेवयांसारखे पांढरे धागे. सरूबाई बघत राहिल्या.

"देखणं हाय की. हे खातंय व्हय माझ्या झाडाला?"

साहेबांनी ओळखलं. म्हणाले, ही सिला नावाची कीड. नुसता रस पीत नाही, झाडाचा रोगही पसरवते. उजेडासमोर पान धरून फोटो मागवला. पिवळे डाग वेडेवाकडे दिसले. मग पानं लॅबला गेली. निकाल आला तसा साहेबांचा फोन सरूबाईंच्या हातात दिला.

"औषध न्हाय का सायब?"

"किडीला आहे. या रोगाला नाही. झाड काढा, नाहीतर शेजारची बाग जाईल."

शेजारची बाग त्यांच्या दिराची. मोसंबीचीच. दीर खाली मान घालून उभे होते. तोडा म्हणायची त्यांची छाती होईना. सरूबाईंनीच घरातून कुऱ्हाड आणून त्यांच्या हातात दिली अन् आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या.

"अक्का, झाडाचा एक फोटो द्या. अशोकच्या फोटोशेजारी लावते."

कॅमेऱ्यातले फोटो उघडले. पान. पान. पिल्लं. पिल्लाचा डोळा. खोडाचा नाही, सावलीचा नाही, झाडाचा एकही फोटो नाही. शेवटी एका फोटोत किड्याच्या मागं नुसता पुसट हिरवा रंग दिसला. जवळून फोटो काढताना मागचं असं पुसट झालं की जाणकार वाहवा करतात.

"हेच का ते?" त्यांनी विचारलं.

"हेच."

तेवढाच भाग मोठा करून दिला. काही ओळखू येत नव्हतं. त्यांनी तोच फोटो चौकटीत बसवून घेतला.

आता कुठंही गेले की आधी मागं सरते. पूर्ण झाड घेते. मग जवळ जाते. साहेब अजूनही म्हणतात, झाड नको. मी काढते.