टकलांची साक्ष

वॉटफर्डला मी ज्या इटालियन न्हाव्याकडे केस कापतो, त्याचं नाव मी वीस वर्षांत विचारलेलं नाही. तो मला ‘डॉक्टर’ म्हणतो, मी त्याला ‘मायस्त्रो’, म्हणजे त्यांच्याकडचा उस्ताद. कापायला सुरुवात करण्याआधी तो कात्री हवेत तीनदा वाजवतो. नाटकाची तिसरी घंटाच ती!

ब्रिटनने युरोपियन युनियन सोडलं आणि चाळीस वर्षं इथे राहिलेल्या या म्हाताऱ्यावर इथेच राहण्यासाठी अर्ज करायची वेळ आली. सरकारी कॉम्प्युटरला त्याची मधली काही वर्षं सापडेनात, आणि कागद जपण्याची तर त्याला सवयच नव्हती.

“पुरावा हवाय त्यांना!” त्याने मला खुर्चीसकट गर्रकन आरशाकडे फिरवलं. “डॉक्टर, तुम्ही आलात तेव्हा इथे जंगल होतं. आता मैदान झालंय. हे काय एका दिवसात होतं?”

“मग यात तुमचा हात आहे, असं लिहून देऊ सरकारला?”

“द्या की!”

दिलं. माझ्यासारख्या आणखी अकरा टकलांनी दिलं. काहींनी तर केस असतानाचे फोटोही जोडले.

मंजुरी आली त्या आठवड्यात मी गेलो, तर दुकानात लाल चामड्याची नवी कोरी खुर्ची! मला तिच्यात बसवून तो ऐटीत म्हणाला, “अजून वीस वर्षं सहज टिकेल.”

मग माझ्या डोक्यावरून हलकेच हात फिरवला.

“खुर्ची म्हणतोय मी, डॉक्टर.”