अंदमानच्या पतंगाचं स्थळ

अळ्यांचे डबे रोज झाडले तरी सकाळी तेवढीच घाण असते. आमच्याकडचे किस्सेही तसेच साठतात. मी आज फक्त सुपलीत भरून आणलेत.

नवरा आयटीत, मी बारावी पास. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात अंदमानचे दुर्मीळ पतंग सांभाळते. फिकट हिरवे, लांब शेपट्यांचे. पंख फुटले की त्यांना तोंडच नसतं. जेमतेम आठवडाभर जगायचं, जोडी जमवायची, संपलं. जेवण नाही. रोज दुपारी दोन कोरडे पाव खाणाऱ्या आमच्या प्रोफेसर हेंकना यात काही नवल वाटत नाही.

*

इथे सख्ख्या भावाकडेही वेळ ठरवून जातात. पहिला कोश मात्र रविवारी फुटला. इमारत बंद, हीटिंग बंद. बिचाऱ्याचे पंख उलगडलेच नाहीत.

हेंक गंभीरपणे म्हणाले, "रविवार अजेंड्यात नव्हता."

हेंकची विद्यार्थिनी शलाका मला हळूच म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी कोशालाच ईमेल करू."

*

शलाका पुण्याची, इथे याच पतंगांवर पीएचडी करते. शेवटी दोनच कोश उरले, एक नर, एक मादी. अंडी झाली नाहीत तर वंश इथेच खुंटणार आणि तिची चार वर्षं पाण्यात.

"अपयशावरही छान पेपर होतो," हेंकनी धीर दिला.

स्वतःची नोकरी पक्की असली की माणूस किती मोठ्या मनाचा होतो!

*

डिसेंबरात दोन्ही कोश एकदम फुटले. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना ठेवलं. लाल दिवा, दोन कॅमेरे, समोर खुर्च्या टाकून आम्ही. हेंक मधूनमधून टॉर्च मारून बघायचे. नर या कोपऱ्यात, मादी त्या. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. शलाकाचं जेवण सुटलं.

तिसऱ्या संध्याकाळी, माझ्या शेजारी मुलाकडे पाहुण्या म्हणून आलेल्या सुलभाकाकू चकल्या घेऊन आल्या.

"काय गं, काय झालं?"

"स्थळ जमत नाहीये, काकू," मी म्हटलं.

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. "एवढे नातेवाईक छातीवर बसल्यावर कोण बोलेल? उठा सगळे. मुलामुलीला जरा एकटं बोलू द्या."

त्यांनी हेंकना दंडाला धरून उठवलं, दिवा घालवला, दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर उभ्याने चकल्या खाल्ल्या. शलाकाने तिची हातातच धरून ठेवली.

सकाळी नर आणि मादी एकमेकांना चिकटून होते. पुढच्या सकाळी जाळीभर अंडी. शलाका ओक्साबोक्शी रडली. हेंक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "काकू अजून किती दिवस आहेत इथे?"

"का?"

"माझा मुलगा अडतीस वर्षांचा आहे."