हुरीनिसोच्या ओठावरच्या मुंग्या

इस्फारा गावात लग्न ठरलं की आधी आचारी सांगितला जायचा आणि लगेच गाणारी हुरीनिसो. हुरीनिसो आली की मागोमाग तिचा नवरा समद उस्तो, म्हणजे कारागीर समद, यायचाच, खांद्यावर तारांचं भेंडोळं आणि छातीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा धरून. माइकमधला बारीक आवाज उचलायचा, फुलवायचा आणि मोठ्या अॅम्प्लिफायरच्या हवाली करायचा, एवढंच त्या डब्याचं काम. मोडीत निघालेल्या टीव्हीचे वाल्व आणि स्वतःच्या हातांनी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर घालून समदने तो घडवला होता. त्यातून निघालेला हुरीनिसोचा आवाज जर्दाळूच्या बागा ओलांडून नदीपार जायचा. लोक म्हणत, अर्धं बाई गाते, अर्धं डबा गातो. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे: मग डब्यालाच रुमाल बांधा डोक्याला, आणि करा उभा.

जन्मभर विजेशी खेळलेला हा माणूस विजेला मात्र फार भ्यायचा. फौजेत वायरलेसवर असताना त्याचा सोबती गुलमुरोद त्याच्या डोळ्यांदेखत एका उघड्या यंत्राला चिकटला होता. गुलमुरोद ओरडला नाही. नुसते दात दिसत राहिले, हसल्यासारखे. तेव्हापासून समद उघड्या यंत्रात एकच हात घाली, डावा खिशात. दोन्ही हात गुंतले तर करंट छातीतून वाट काढतो, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गावाने मात्र त्याचं नाव 'एकहात्या' ठेवलं. कुणी पुढे केलेली रोटीसुद्धा तो काम करताना एकाच हाताने घेई, आणि आमच्याकडे रोटी दोन्ही हातांनी घ्यायची असते. म्हातारेकोतारे दुखावत. तो कारण सांगत नसे.

तर वसंतातल्या एका लग्नाहून परतताना हुरीनिसो सहज म्हणाली, की आज माइक ओठाला लागला तेव्हा मुंग्या आल्या. गोड मुंग्या होत्या, असंही वर म्हणाली. समद रस्त्यातच थांबला. माइकचं धातूचं अंग डब्याच्या पत्र्याला जोडलेलं. म्हणजे मुंग्या डब्यातून निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या खाटेवर त्याने डबा उघडला. प्लग काढलेला असूनही मोठ्या कंडेन्सरांच्या पोटात वीज दबा धरून बसते, म्हणून आधी ती स्क्रूड्रायव्हरने उतरवली. मग वीज जिथून आत शिरते तिथून सुरुवात केली. ट्रान्सफॉर्मरची वेटोळी तपासली, पत्र्याला कुठे टेकलेली नव्हती. पुन्हा वीज लावून वाल्वांना पोचणारा दाब मोजला, चोख होता. पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. दिवसामागून दिवस तो डबा उघडत आणि मिटत राहिला. दोष दिसला असता तर त्याची भीती गेली असती. यंत्र मात्र त्याला रोज निर्दोष दिसत होतं, आणि तेच त्याला झोपू देत नव्हतं.

कुंभार मिर्झोहकीमच्या मुलीचं लग्न आलं, तेव्हा त्याने बायकोला विनवलं, की या खेपेस माइकशिवाय गा.

"एवढ्या मोठ्या अंगणात?" ती म्हणाली. "आणि डब्याला झालंय काय?"

"काही सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे नाही. मी शब्द दिलाय त्यांना. मला शेतात ओरडायला लावू नका या वयात."

समदने डब्याचं झाकण पुन्हा लावलं. पुरावा त्याच्याकडे नव्हता.

लग्नाच्या दिवशी मिर्झोहकीमच्या अंगणात ओशाची, म्हणजे मांसभाताची, कढई चढली होती. डफासारखा दोयरा वाजवणारा रजबाली आपल्या वाद्याचं कातडं निखाऱ्यांवर शेकत बसला होता. समद पुन्हा डबा चाचपतोय हे पाहून तो म्हणाला, "उस्तो, माझ्या दोयऱ्याला मूठभर निखारे पुरतात. तुमच्या लाडक्याला रोज हकीम लागतो."

समदला हसू आलं नाही. त्याचं लक्ष नवरीच्या मावशीकडे होतं. पाहुण्यांच्या पायांना धूळ लागू नये म्हणून लग्नघरी अंगण झाडून त्यावर सडा घालतात. ही मावशी हाताची सढळ, तिने बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या. जमीन काळी, ओली झाली होती. आणि नवे जोडे चिखलात खराब होऊ नयेत म्हणून हुरीनिसोने ते काढून कडेला ठेवले होते. ती अनवाणी उभी होती.

तेवढ्यात कुणीतरी रंगीत दिव्यांची माळ लागते का पाहायला डब्याचा प्लग उपटला, माळ लावून पाहिली आणि प्लग परत खोचला. वाल्व गरम होईपर्यंत कर्णा मुका राहिला. मग भुणभुण सुरू झाली. डबा मघाशीही भुणभुणत होता. पण आताचा सूर खोल होता, जाड होता. बाकी कुणाला तो कळला नसता. समदला कळला.

हुरीनिसोचा हात माइककडे निघाला होता.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. मग त्याने धावत जाऊन वायरच ओढली.

पाहुणे पाहत राहिले. समदने पायांखाली कोरडी फळी घेतली, प्लग पुन्हा तसाच लावला, हाताची सावली धरून पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लालबुंद झाला. दोन पिनांचा तो प्लग त्याने उलटा करून लावला, दिवा विझला. घरी तो प्लग नेहमी वायर खाली लोंबेल असाच लावायचा. हाताची सवय. त्या सवयीतच मरण लपून बसलं होतं.

आता कुठे पाहायचं ते त्याला कळलं. बाजारातल्या वेल्डिंगची खरखर आवाजात येऊ नये म्हणून मेनची एक तार आणि पत्रा यांच्यामध्ये त्याने स्वतःच एक छोटा कंडेन्सर बसवला होता. तो आतून फुटून वीज सरळ पत्र्यात सोडत होता. घरी ती तार न्यूट्रलला जायची, म्हणून सगळं थंड. प्लग फिरला की तीच तार फेजला आणि सगळा पत्रा जिवंत. त्याने प्लग काढला, आतली वीज उतरवली आणि कटरने तो कंडेन्सर तोडून टाकला.

दोन्ही बाजूंनी प्लग लावून पाहिला. टेस्टर अंधारा. पण उन्हात टेस्टरवर किती विश्वास ठेवायचा? त्याने बूट काढले, मोजे काढले आणि चिखलात जाऊन उभा राहिला. मूठ आवळली तर सुटत नाही, म्हणून आधी हाताची मागची बाजू माइककडे नेली. हात थरथरत होता. रजबालीने मागून नाचणाऱ्यासाठी धरतात तसा ठेका धरला, लोक हसले. समदला त्यातलं काही ऐकू आलं नाही. हात टेकला. काही झालं नाही. मग त्याने डोळे मिटून माइक मुठीत धरला, ओठाला लावला.

"झालं," तो तिला म्हणाला. "आता ठीक आहे."

"घरीही डब्यात काही सापडत नव्हतं तुम्हाला."

"आता सापडलं. मी धरून पाहिला."

"पाहिलं ते मी. धरायच्या आधी कलमा पुटपुटलात, तेही पाहिलं."

तिने त्याच्या हातून माइक घेतला. तिचाही हात क्षणभर अडखळला, पण घेतला.

ती गायली. माणसं उठून नाचली, नवरीची आई रडली, कढईचं झाकण उघडल्यावरही कुणी जेवायला वळलं नाही. समद प्लगपाशी उकिडवा बसून होता. वायर मुठीत होती, नजर बायकोच्या बोटांवर. बोटं जरा घट्ट झाली की त्याचा हात ताणला जाई. ती सैल झाली की तो श्वास सोडी.

संध्याकाळी घरी जाताना तिने विचारलं, "शेवटचं कसं झालं?"

"कुठलं?"

ती थांबली. "एकही ऐकलं नाहीत ना तुम्ही?"

समद डबा सावरत चालत राहिला. थोडं पुढे गेल्यावर मागून तिचा आवाज आला, हळू, दमलेला. ते शेवटचं गाणं तिने पहिल्यापासून धरलं होतं.