तीन ड्रोनची पात

बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. गुलाबी बोंडअळीला ते कोणी सांगितलं नव्हतं. कपाशीवर फवारणी चुकायचीच नाही. आदल्या हंगामात पाठीवरच्या पंपाने फवारताना माझ्या नवऱ्याला विषबाधा झाली. दवाखान्यातून तो परत आला, तेव्हा डॉक्टरांनी पंपाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. म्हणून त्या वर्षी बचत गटाचे तिन्ही ड्रोन मी आमच्या वावरात आणले. उडवायला मी आणि गटातल्या दोघी.

अर्धं वावर झालं आणि बॅटऱ्यांनी मान टाकायला सुरुवात केली. गावातली लाइन गेलेली, चार्जिंग बंद. वारा सुटायच्या आत फवारणी उरकायला हवी होती. एवढ्यात नवरा गोठ्यातून जुना पंप घेऊन आला.

"अर्धं वावर राह्यलं. अळी बोंडात शिरली मंग काय करशीन? मीच मारतो."

मला रागच आला. "ठेवा तो खाली! मी आहो ना इथं."

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभी राहून मी नीट पाहिलं. औषध संपलं की प्रत्येक ड्रोन रिकामाच रस्त्याकडे परत येत होता, कारण औषध कालवलेल्या पाण्याचे ड्रम तिथे होते. निंदणारी बाई अशी रिकामी फिरते का कधी? एक पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, संपली की ती पलीकडून दुसरी धरते. जी मागे राहिली, तिची पात समोरून निंदत तिला गाठते.

आम्ही एक ड्रम पलीकडच्या, नाल्याकडच्या टोकाला नेला. आता जातानाही फवारा, येतानाही फवारा. वजनाने बॅटरी लवकर बसते, म्हणून टाकीत एका पातीपुरतंच औषध भरलं. ज्याची बॅटरी दमायला लागली त्याची उरलेली पात दुसऱ्याने समोरून घेतली. वावर संपलं तेव्हा तिन्ही बॅटऱ्यांत अजून जीव होता. आम्ही तिघी पोरींसारख्या ओरडलो.

नवरा हसत म्हणाला, "मशिनीलेही निंदाले लावलं तुम्ही बायांनी!"

पुढच्या बाजाराला तो पंप घेऊन अमडापूरला गेला आणि भंगारात घालून आला. त्याची मोकळी पाठ पाहून मला हायसं वाटलं. त्याचं तेवढं रिकामं परत येणं मला चाललं.